बेंबळीच्या दप्तरात दिल्लीचा पैसा

दिल्लीचा पैसा मोठ्या प्रमाणावर थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर पडायला 1989 साल उजाडावं लागलं. त्या वर्षी जवाहर रोजगार योजना सुरू झाली. केंद्राच्या दोन जुन्या रोजगार योजना तिच्यात विलीन झाल्या. खर्चातले ऐंशी टक्के केंद्राचे, वीस टक्के राज्याचे, आणि जिल्ह्याला आलेल्या रकमेचा मोठा हिस्सा गावांना, असा तिचा हिशेब होता. त्याआधी अशा योजनांचा पैसा जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेपाशी थांबायचा. काम गावात व्हायचं, पण कागद जिल्ह्याच्या कचेरीत राहायचा. आता धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) तालुक्यातल्या बेंबळीसारख्या गावाच्या रोकडवहीत, घरपट्टी, दिवाबत्ती कर आणि महसुलाच्या तुटपुंज्या अनुदानाच्या शेजारी, दिल्लीच्या नावाची रक्कम चढू लागली.

रक्कम आली ती अटी घेऊनच. ठेकेदार लावायचा नाही. खर्चातले साठ टक्के मजुरीवर गेले पाहिजेत. प्रत्येक कामाचं स्वतंत्र मस्टर ठेवायचं. आधीचा हप्ता खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र वर गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटायचा नाही. तोवर गावाचा हिशेब म्हणजे गावानं भरलेल्या कराचा हिशेब होता. पावती फाडणारा आणि पावती घेणारा एकमेकांना ओळखत होते. इथून पुढे हिशेब मागणारा माणूस गावानं कधी पाहिलेला नव्हता. या लेखाला सांगायचंय ते या बदलाविषयी. पस्तीस वर्षांत दप्तर सुधारलं, आकडे जुळू लागले, चोरीच्या काही वाटा बुजल्या. पण हिशेब विचारण्याचा गावाचा स्वतःचा हक्क, जो कायद्यात पहिल्यापासून लिहिलेला आहे, तो या साऱ्या धावपळीत मागे राहिला.

बेंबळीच्या परिसराला मस्टर हा शब्द 1989 मध्ये नवा नव्हता. 1972च्या दुष्काळानं तो घरोघर पोचवला होता. पाऊस हुकला, ज्वारी गेली, विहिरी तळाला गेल्या आणि माणसं दुष्काळी कामांवर गेली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणं. 1973च्या उन्हाळ्यात राज्यभरात या कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांच्या आठवणी मराठवाड्यात अजून निघतात. त्याच आठवणींत मुकादमानं सकाळी मस्टर उघडून घेतलेली हजेरीही असते. मस्टरवर नाव नसेल तर आठवड्याचा पगार नाही, हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही पक्कं ठाऊक होतं.

त्या कामांवरची मोजणी कशी चाले ते मुद्दाम सांगतो, कारण लेखापरीक्षणाचं सगळं मूळ तिथं आहे. मजुरांची टोळी खड्डा खणायला लागली की खड्ड्याच्या मध्ये मूळ जमिनीचा एक खुंट तसाच सोडायचा. भोवतीची माती उपसून बांधावर जायची, खुंट उभा राहायचा. अभियंता आला की त्या खुंटाच्या माथ्यापासून तळापर्यंत टेप लावायचा. लांबी, रुंदी, खोली मोजमाप पुस्तकात चढायची आणि त्यावरून टोळीची मजुरी ठरायची. मोजणी होईपर्यंत खुंटाला कुणी हात लावायचा नाही. उंची वाढवायला वर माती थापली तर ती कोरडी, सुटी माती बोटानंही ओळखू यायची, आणि टोळीतल्या बायका ती पहिल्यांदा ओळखायच्या. खड्ड्यातून किती माती निघाली याचा पुरावा खड्ड्यातच उभा असायचा, आणि तो बघायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

मस्टरचं तसं नव्हतं. मस्टर मुकादमाच्या हातात. त्यामुळे खोटेपणा शिरला तो तिथून. कामावर न आलेल्यांची नावं, मुंबई-पुण्याला गेलेल्यांची नावं, एकाच हातानं उमटवलेले अंगठे. बोगस मस्टर हा शब्द त्या काळात रुळला तो कायमचा.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना (रोहयो) पुढे कायदा झाली. 1977चा तो कायदा 26 जानेवारी 1979 रोजी अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क महाराष्ट्रानं देशाच्या आधी पाव शतकाहून जास्त काळ मान्य केला, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण योजनेची सूत्रं जिल्हाधिकाऱ्याकडे आणि कामं पाटबंधारे, बांधकाम, कृषी, वन या खात्यांकडे होती. ग्रामपंचायत बाजूला होती. मस्टरवरची नावं गावाची, पण मस्टर गावाचं नव्हतं. त्यामुळे दुष्काळी कामांनी मजुरांना हिशेब शिकवला, तरी ग्रामपंचायतीच्या दप्तराला तो शिकवला नाही. 1989ला जवाहर रोजगार योजनेचा पैसा आला तेव्हा ग्रामसेवकाच्या हाती मस्टर पडलं ते जवळपास पहिल्यांदाच.

दप्तराची कथा मात्र त्याहून जुनी आहे. 1930चा मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा कायदा झाला तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तो कायदा इथं लागूच नव्हता. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि 1958च्या ग्रामपंचायत अधिनियमानं बारामतीच्या नि बेंबळीच्या ग्रामपंचायतीला एकच कायदा लागला. या अधिनियमाचं कलम 8 मला फार मोलाचं वाटतं. आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे पंचायतीनं वार्षिक हिशेब, मागच्या वर्षीच्या कारभाराचा अहवाल आणि पुढचा विकास कार्यक्रम ठेवायचा, एवढ्यावर ते थांबत नाही. शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी आणि तिला दिलेली उत्तरंही ग्रामसभेपुढे ठेवायची, असं ते सांगतं. लेखापरीक्षकानं गावच्या कारभारात काय खोट काढली आणि सरपंच-ग्रामसेवकांनी त्यावर काय म्हटलं, हे गावानं ऐकावं, हे कायदा करणाऱ्यांना 1958 मध्ये सुचलं होतं. दिल्लीहून पैसा यायच्या कितीतरी आधी.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मुख्य लेखा व वित्त अधिकारी (सगळे त्यांना कॅफोच म्हणतात) ही पदं आली, 1968 मध्ये जिल्हा परिषदांसाठी लेखासंहिता आली. स्थानिक निधीचे, म्हणजे लोकल फंडाचे, लेखापरीक्षक तालुक्यात उतरू लागले.

ज्यानं लोकल फंडाचं ऑडिट पाहिलंय त्याला ती लगबग सांगावी लागत नाही. पंचायत समितीच्या एखाद्या खोलीत गावोगावची दप्तरं गाठोड्यांत बांधून येतात. रोकडवही नमुना 5, कर आकारणी नमुना 8, मागणी नमुना 9, जडवस्तूंची नोंद नमुना 16. लेखापरीक्षक प्रमाणकं एकेक करून उलटतो आणि अर्धसमास पत्र काढतो. पानाच्या डाव्या अर्ध्या भागात त्याचा आक्षेप, उजवा भाग उत्तरासाठी मोकळा. आक्षेप वर्षानुवर्षं तेच. प्रमाणक आढळून आले नाही. खरेदी साहित्याची साठा नोंदवहीत नोंद नाही. कामाचे मूल्यांकन नाही. आयकराची, कामगार कल्याण उपकराची कपात केलेली नाही. आणि सगळ्यांत वारंवार येणारा: अभिलेख उपलब्ध करून दिले नाहीत. या शेवटच्या ओळीमागे बहुतेक वेळा बदलीची गोष्ट असते. आधीचा ग्रामसेवक दुसऱ्या गावी गेला, दप्तर त्याच्याकडेच राहिलं, नव्यानं चार्ज घेतला तो कागदोपत्री. अशा शकांची, म्हणजे आक्षेपांची, उत्तरं देत नव्याची उमेदीची वर्षं जातात. उत्तर मान्य झालं तर शक निघाला, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच परिच्छेद. रक्कम वसूलपात्र ठरली तर सरपंच आणि ग्रामसेवकाच्या नावावर बसते.

विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येणार म्हटलं की हीच गाठोडी पुन्हा सुटतात. पीआरसी येतेय, या एका वाक्यावर जिल्हा परिषदेत रात्री दिवे जळतात. आमदार लेखापरीक्षणाचे परिच्छेद हातात घेऊन अधिकाऱ्यांना उभं करतात, शाळा आणि आरोग्य केंद्रं अचानक बघतात. ही समिती म्हणजे लोकप्रतिनिधींनी हिशेब विचारण्याची महाराष्ट्राची चांगली परंपरा आहे. तिची अडचण एवढीच की तिच्यापुढे येणारे परिच्छेद बरेचदा जुने असतात. ज्यांनी खर्च केला ते तोवर निवृत्त झालेले, ज्यांनी प्रश्न विचारायचा ते त्या वेळी सभागृहात नव्हतेच.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुमारे 8 हजार माणसं गेली. 52 गावं पूर्णपणे नव्या जागी वसवायची ठरली, आणि त्यापलीकडे पडझड झालेल्या गावांची संख्या कितीतरी मोठी होती. 1994 मध्ये जागतिक बँकेचं कर्ज आलं आणि त्याबरोबर या भागानं हिशेबाची एक वेगळीच पद्धत पाहिली. दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात घरमालकाच्या बँक खात्यावर पैसे हप्त्याहप्त्यानं पडत. पाया झाला, अभियंत्यानं पाहिला, पुढचा हप्ता. भिंती आल्या, त्यानं पुन्हा पाहिल्या, त्यापुढचा. खर्चाच्या प्रत्येक टप्प्याला उभ्या कामाचा पुरावा आणि तो पुरावा ज्याच्या घराचा त्याच्या डोळ्यांसमोर. गावागावांत बायकांना संवाद सहाय्यक म्हणून नेमलं गेलं, त्या घरोघर जाऊन हप्ता कशाचा, किती, कधी ते समजावून सांगत. पुनर्वसनाबद्दल तक्रारी कमी नव्हत्या. पण ज्याच्यासाठी पैसा त्यालाच हिशेब कळावा, ही सोय त्या कार्यक्रमात मुळातच होती, आणि पुढच्या कोणत्याही मोठ्या अनुदानाच्या रचनेत ती तेवढ्या नीटपणे आलेली मला दिसत नाही.

त्याच 1993 साली 73वी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायतींचे हिशेब आणि त्यांचं लेखापरीक्षण राज्यानं कायद्यानं ठरवावं, असं कलम 243-जे घटनेत आलं. कलम 280 मध्ये भर पडली आणि केंद्रीय वित्त आयोगाला पंचायतींच्या पैशांचाही विचार करणं भाग झालं. दहाव्या आयोगानं 1971च्या ग्रामीण लोकसंख्येमागे दरडोई 100 रुपये धरून 4,380.93 कोटी दिले. अकराव्यानं वर्षाला 1,600 कोटी, आणि त्याबरोबर एक महत्त्वाची गोष्ट केली. ज्या गावांत हिशेब लिहायला शिकलेला माणूस नाही तिथं तो बाहेरून लिहून घेता यावा म्हणून पंचायतीमागे वर्षाला सरासरी 4,000 रुपये धरले आणि हिशेब-तपासणीवर देशाच्या महालेखापरीक्षकांची तांत्रिक देखरेख असावी अशी शिफारस केली. हिशेब मागण्याआधी हिशेब लिहिण्याचा खर्च द्यावा, हा विचार मला रास्त वाटतो. बाराव्या आयोगानं पंचायतींना 20,000 कोटी देताना राज्यालाही जखडलं. केंद्राचा पैसा 15 दिवसांत खाली सोडा, उशीर झाला तर व्याजासह सोडा. तेराव्यानं कामगिरी अनुदान आणलं, ज्याच्या अटींत लेखापरीक्षणाची व्यवस्था हीच एक मुख्य अट होती.

मधल्या काळात जवाहर योजनेची नावं दोनदा बदलली आणि शेवटी राष्ट्रीय रोजगार हमी कायदा आला. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले 12 जिल्हे होते, उस्मानाबाद 2007 मध्ये दुसऱ्या टप्प्यात आला. खर्चाच्या निम्मी तरी कामं ग्रामपंचायतीनंच करायची, असं या कायद्यात होतं. दुष्काळी कामांच्या वेळी बाजूला उभी असलेली ग्रामपंचायत आता मस्टरची मालक झाली. सामाजिक अंकेक्षणाचे नियम 2011 मध्ये महालेखापरीक्षकांच्या सल्ल्यानं ठरले: मस्टरवरची नावं ग्रामसभेत वाचायची, मजुरांना विचारायचं, काम जागेवर जाऊन बघायचं. रोहयोच्या जन्मभूमीत हे अंकेक्षण आधीच जोमानं रुजायला हवं होतं. आंध्र प्रदेशानं त्यात आघाडी घेतली, आणि महाराष्ट्र मागे राहिला, ही खंत इथं नोंदवलीच पाहिजे.

चौदाव्या वित्त आयोगानं 2015 मध्ये खरी उलथापालथ केली. पाच वर्षांसाठी 2,00,292.20 कोटी, आणि सगळे ग्रामपंचायतींना. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला एक रुपयाही नाही. बेंबळीसारख्या मोठ्या गावाच्या खात्यावर कधी नव्हे एवढी रक्कम पडू लागली. महाराष्ट्रानं त्याच वर्षी आमचं गाव, आमचा विकास हा उपक्रम काढून आराखडा ग्रामसभेत ठरवायला सांगितलं. दहा टक्के कामगिरी अनुदानासाठी दोन अटी होत्या. लेखापरीक्षण झालेले ताजे हिशेब द्या, आणि गावाचं स्वतःचं उत्पन्न वाढल्याचं दाखवा.

दुसरी अट दिल्लीत बसून वाजवी वाटते. पण ती या जिल्ह्यात नेमकी कधी येऊन ठेपली ते पाहा. 2014 आणि 2015, दोन्ही पावसाळे मराठवाड्यात कोरडे गेले. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे पाणीपट्टीची थकबाकी मागायला ग्रामपंचायतीचा शिपाई कोणत्या तोंडानं जाणार होता? ज्या वर्षी गावाला पैशांची सर्वांत जास्त गरज, त्याच वर्षी वसुली वाढवून दाखवा म्हणणारी अट माझ्या मते चुकीची होती. हिशेब काटेकोर असावा, याबद्दल दुमत नाही. दुष्काळी वर्षाला वेगळं माप लावायला हवं होतं, एवढंच म्हणणं आहे.

पंधराव्या आयोगाच्या काळात, म्हणजे 2020 पासून, दप्तराचं रूपच पालटलं. 24 एप्रिल 2020 रोजी, टाळेबंदीतच, ई-ग्रामस्वराज पोर्टल सुरू झालं. आराखडा तिथं, प्रमाणक तिथं, पैसे सुटायचे तेही सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीनं. धनादेश पुस्तक मागे पडलं, या स्वाक्षरीचा, म्हणजे डीएससीचा, डोंगल आला. डोंगल कुणाच्या खिशात असतो, हा गावच्या राजकारणातला नवा प्रश्न झाला. लेखापरीक्षणही ऑनलाइन झालं, अर्धसमास पत्राची जागा पडद्यावरच्या आक्षेपानं घेतली. 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी ग्रामीण संस्थांना 2,36,805 कोटी धरले गेले आणि त्यातले साठ टक्के बंधित: पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच. उरलेले चाळीस टक्के अबंधित. महाराष्ट्रात वाटणी ऐंशी-दहा-दहा, ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. हिशेब ऑनलाइन चढले नाहीत तर हप्ता अडकतो.

आणि आणखी एक अट, जिनं जिल्हा परिषदेला चटका दिला. अनुदान निवडून आलेल्या संस्थेलाच. 2017 मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक आले. त्या काळातला जिल्हा परिषदेचा आणि पंचायत समितीचा दहा-दहा टक्क्यांचा वाटा त्यामुळे थांबला. हिशेबात कुणाची चूक नव्हती, पण हिशेब द्यायला लोकांनी निवडलेलं कुणी जागेवर नव्हतं. ही अट मला पटते. प्रशासक लेखापरीक्षकाला उत्तर देऊ शकतो, मतदाराला द्यायला तो बांधील नसतो.

आज कुणीही मोबाइलवर ई-ग्रामस्वराज उघडून आपल्या ग्रामपंचायतीचा खर्च पाहू शकतं. ही मोठी सोय आहे. पण त्या पडद्यावर गटाराचं काम पूर्ण दिसतं, गटार वाहतं का ते दिसत नाही. ते ज्याच्या दारात पाणी तुंबतं त्यालाच ठाऊक. लेखापरीक्षक कागद तपासतो, कारण त्याच्यापुढे कागदच असतो. गटाराची साक्ष ग्रामसभेतच मिळते. आक्षेपांच्या पूर्ततेचं मासिक विवरण नमुना 27 मध्ये भरून वर जातं, मग तेच गावात वाचून दाखवायला काय हरकत आहे? कलम 8 रद्द झालेलं नाही. वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत कुणी उठून शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी मागितली तर ती वाचून दाखवणं पंचायतीचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे. बहुतेक ठिकाणी ती मागितलीच जात नाही, आणि न मागितलेली गोष्ट कुणी होऊन पुढे करत नाही.

दरम्यान रोजगार हमीच्या मस्टरवरचा अंगठा जाऊन फोटो आला. 1 जानेवारी 2023 पासून मजुरांची हजेरी कामाच्या जागेवरून मोबाइल ॲपवर दिवसातून दोनदा फोटोसह नोंदवणं सक्तीचं झालं. खोट्या हजेरीला यानं आळा बसेल, असं वाटलं होतं. जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना पत्र लिहावं लागलं. कामाशी संबंध नसलेले फोटो चढत होते, समोर मजूर नसताना फोटोचाच फोटो काढून हजेरी लागत होती, फोटोतली माणसं आणि मस्टरवरची संख्या जुळत नव्हती. मंत्रालयानं प्रत्येक पातळीवर माणसांनी फोटो तपासण्याचा आदेश दिला, आणि त्यातली पहिली, सगळ्या फोटोंची तपासणी ग्रामपंचायतीवर सोपवली.